सव्वा महिना सरला, दुखणे उरले

महाराष्ट्रातील घरांत बाळंतपणाची तयारी बाळाच्या जन्माआधीच सुरू होते. डिंक, खारीक, आळीव, बाळंतशेपा यांची यादी निघते, मालिशवाली बाई ठरते, पहिली खेप असेल तर मुलगी माहेरी येते. बाळ घरी आले की तेल, ऊन पाणी, शेक-शेगडी आणि पोटाला घट्ट बांधलेला सुती पट्टा यांत सव्वा महिना जातो. बाळंतिणीला दूध भरपूर यावे, तिची कंबर धरू नये, पोट सुटू नये याची काळजी घरातील थोरल्या स्त्रिया मनापासून घेतात. सव्वा महिन्याने ती खोलीबाहेर येते, तेव्हा बाळंतपण पार पडले असे सर्वांना वाटते.

पुष्कळ स्त्रियांचे बाळंतपण मात्र तेथे संपलेले नसते. शिंक आली, खोकला आला किंवा बाळाला उचलताना जोर लागला की थोडी लघवी होते. जिना चढताना खाली काहीतरी ओढल्यासारखे वाटते. टाके भरून आले तरी पतीशी जवळीक नकोशी होते. याविषयी घरात बोलावे तर ‘बाळंतपणानंतर असे व्हायचेच, होईल हळूहळू बरे’ असे उत्तर मिळते. या तक्रारी सर्रास आढळतात, हे खरे आहे. परंतु त्या सर्रास आढळतात म्हणून त्या सोसतच राहाव्यात, असा त्याचा अर्थ होत नाही. त्यांतील बहुतेकींवर औषधाविना आणि शस्त्रक्रियेविना उपचार करता येतात. हा उपचार म्हणजे श्रोणीतळाची, ज्याला डॉक्टर ‘पेल्व्हिक फ्लोअर’ म्हणतात त्या स्नायूंची, फिजिओथेरपी होय.

तळाचा पडदा

ओटीपोटाच्या हाडांच्या कड्याला खालून तळ नसतो. हे काम स्नायूंचा एक पडदा करतो. पुढे जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत तो झोळीसारखा ताणलेला असतो. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय हे तीन अवयव या झोळीवर विसावलेले असतात आणि मूत्रमार्ग, योनीमार्ग व गुदमार्ग हे तिन्ही मार्ग याच पडद्यातून बाहेर येतात. साहजिकच या स्नायूंना दोन परस्परविरोधी कामे करावी लागतात. एरवी मार्ग आवळून धरायचे आणि लघवी, शौच, समागम व प्रसूती या वेळी सैल सोडायचे.

हा पडदा एकटा काम करीत नाही. वर श्वासपटल, पुढे व बाजूंना पोटाचे स्नायू, मागे कण्याला लागून असलेले स्नायू आणि खाली श्रोणीतळ अशी ती एक बंद पेटीच असते. आपण खोकतो, हसतो किंवा पाण्याची बादली उचलतो, तेव्हा या पेटीतील दाब एकदम वाढतो. तळाचे स्नायू सशक्त असतील तर ते त्याच क्षणी आवळले जातात आणि मूत्रमार्ग बंद राहतो. स्नायू अशक्त झाले किंवा त्यांचे आवळणे क्षणभर मागे पडले की लघवीचे थेंब निसटतात.

प्रसूतीत नेमके काय होते

गर्भारपणात नऊ महिने या झोळीवरचे वजन वाढत जाते आणि संप्रेरकांमुळे सांधे व बंध शिथिल होतात. त्यानंतर प्रसूतीच्या दुसऱ्या टप्प्यात बाळाचे डोके याच स्नायूंमधून वाट काढते. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ मध्ये संगणकीय प्रतिकृतीच्या साहाय्याने या ताणाचे गणित मांडले. श्रोणीतळाच्या स्नायूंतील सर्वांत आतला भाग त्या वेळी मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणला जातो, असे त्यात आढळले. शरीरातील एरवीचा कोणताही स्नायू एवढा ताण सहन करू शकत नाही. निसर्गाने गर्भारपणात या स्नायूंना दिलेली लवचिकता लक्षात घेतली, तरी काही स्त्रियांच्या स्नायूंना इजा होणे अटळ असते.

याच विद्यापीठातील डॉ. जॉन डीलान्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एमआरआय चाचणीद्वारे केलेली पाहणी या दृष्टीने महत्त्वाची ठरली. योनीमार्गे पहिली प्रसूती झालेल्या १६० स्त्रियांपैकी ३२ जणींच्या, म्हणजे २० टक्के स्त्रियांच्या या स्नायूंत दोष दिसून आला. मूल न झालेल्या ८० स्त्रियांपैकी एकीतही तो नव्हता. चिमटा लावून झालेली प्रसूती, कळा देण्याचा लांबलेला टप्पा, बाळाचे जास्त वजन आणि गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेलेली फाट यांमुळे धोका वाढतो.

सिझेरियन झाले म्हणजे या त्रासातून सुटका झाली, असा एक समज शहरांत रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. नॉर्वेमध्ये १५ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी करून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लघवी निसटण्याची तक्रार मूल न झालेल्या १०.१ टक्के, केवळ सिझेरियन झालेल्या १५.९ टक्के आणि केवळ योनीमार्गे प्रसूती झालेल्या २१ टक्के स्त्रियांत आढळली. सिझेरियनने धोका कमी होतो, परंतु नाहीसा होत नाही, कारण गर्भारपणाचा भार दोघींनीही वाहिलेला असतो. शिवाय सिझेरियनमध्ये पोटाच्या भिंतीला छेद जातो आणि त्या वणाचे दुखणे, ओढ व बधिरपणा हे त्याचे वेगळे प्रश्न असतात. श्रोणीतळ वाचविण्यासाठी म्हणून सिझेरियन करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे मानले जात नाही.

तक्रारी ओळखाव्यात कशा

खोकताना, शिंकताना, हसताना किंवा ओझे उचलताना लघवी निसटणे ही सर्वांत सर्रास आढळणारी तक्रार. दुसऱ्या प्रकारात लघवीची एकाएकी अनावर घाई होते आणि शौचालयापर्यंत पोहोचेपर्यंत धीर धरवत नाही. काहींना दोन्ही त्रास एकत्र होतात. वायू किंवा शौच आवरता न येणे ही तक्रार कमी स्त्रियांत आढळते, पण तिचे ओझे फार मोठे असते. प्रसूतीच्या वेळी गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाट गेली असेल तर याविषयी डॉक्टरांनी स्वतःहून विचारणे अपेक्षित असते.

योनीमार्गात जडपणा वाटणे, दिवसभर उभे राहिल्यावर खाली काहीतरी आल्यासारखे जाणवणे हे अवयव खाली सरकल्याचे लक्षण असू शकते. आपल्याकडे यालाच ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. हा विकार म्हाताऱ्या स्त्रियांचाच समजला जातो, परंतु त्याची सुरुवात पुष्कळदा बाळंतपणात झालेली असते. समागमाच्या वेळी होणाऱ्या वेदना ही आणखी एक तक्रार. टाक्यांचा वण ताठर होणे, स्नायू भीतीने आवळून राहणे आणि अंगावर पाजण्याच्या काळात इस्ट्रोजेनचे प्रमाण घटल्याने योनीमार्गात येणारा कोरडेपणा अशी तिची अनेक कारणे असतात. याखेरीज माकडहाड, कंबर आणि ओटीपोटाच्या सांध्यांचे दुखणेही याच स्नायूंशी निगडित असू शकते.

न बोललेले दुखणे

स्त्रियांचे असे विकार किती झाकलेले असतात, याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळाला होता. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाशी संबंधित एक तरी विकार होता आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. तो अभ्यास प्रामुख्याने जंतुसंसर्ग व पाळीच्या विकारांविषयीचा होता. तरीही विकार असणे आणि तो सांगता येणे यांत केवढे अंतर असते, हे त्याने दाखवून दिले.

शहरातील सुशिक्षित स्त्रीच्या बाबतीत हे अंतर कमी झाले असले, तरी मिटलेले नाही. ती लोकलच्या प्रवासाआधी पाणी पिणे टाळते, कार्यालयात शौचालयाजवळची जागा शोधते, गडद रंगाचे कपडे निवडते, मुलाबरोबर धावणे सोडून देते आणि पर्समध्ये पॅड ठेवते. व्यायामशाळेत जाणे बंद झाल्याने वजन वाढते आणि वाढलेल्या वजनाने मूळ तक्रार बळावते. या सगळ्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होत नाही.

केगेल आणि त्यानंतर

श्रोणीतळाच्या व्यायामाशी डॉ. अर्नोल्ड केगेल यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. लॉस एंजलिस येथील या स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ मध्ये या व्यायामांविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या आधी १९३६ मध्ये ब्रिटनमधील नर्तिका व भौतिकोपचारतज्ज्ञ मार्गारेट मॉरिस यांनीही प्रसूतीनंतरच्या व्यायामांत या स्नायूंच्या आकुंचनाचा समावेश केला होता. केगेल यांचे वैशिष्ट्य हे की, त्यांनी हा व्यायाम मोजता येईल असा केला. योनीमार्गातील दाब दाखविणारे एक साधन त्यांनी तयार केले. त्यामुळे आपण योग्य स्नायू आवळीत आहोत की नाही, हे स्त्रीला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू लागले.

पुढे हा व्यायाम मासिकांतून व पुस्तकांतून जगभर पोहोचला, पण त्यातील मोजमाप आणि मार्गदर्शन मागे पडले. ‘लघवी रोखून धरल्यासारखे करा’ एवढ्या एका वाक्यावर त्याची बोळवण होऊ लागली. अमेरिकेत १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करण्यास सांगण्यात आले. त्यांपैकी सुमारे निम्म्या जणींनाच तो नीट जमला. चौथा हिस्सा स्त्रिया तर स्नायू वर ओढण्याऐवजी खाली जोर देत होत्या, म्हणजे त्यांचा त्रास वाढण्याचीच शक्यता होती. ‘मी केगेल करून पाहिले, उपयोग झाला नाही’ असे सांगणाऱ्या अनेकींच्या अनुभवाचे कारण यात सापडते.

योग्य रीतीने केलेल्या व्यायामाविषयीचा पुरावा मात्र भक्कम आहे. नॉर्वेतील प्रा. कारी बो आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत हा व्यायाम विद्युत् उत्तेजन व योनीमार्गात ठेवायची वजने या दोन्ही उपचारांपेक्षा सरस ठरला. कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १४ देशांतील ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. खोकताना-शिंकताना लघवी निसटणाऱ्या स्त्रियांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के स्त्रियांनी आपण बऱ्या झाल्याचे सांगितले. व्यायाम न करणाऱ्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. अवयव खाली सरकण्याच्या तक्रारीतही प्रत्येकीला स्वतंत्रपणे शिकविलेल्या व्यायामाने आराम पडतो, असे ‘लॅन्सेट’मध्ये २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४४७ स्त्रियांच्या चाचणीत दिसून आले.

व्यायाम कोणी व केव्हा करावा, याविषयी मात्र थोडा विवेक हवा. त्रास नसलेल्या स्त्रियांनी गर्भारपणातच व्यायाम सुरू केला तर गर्भारपणाच्या अखेरीस आणि प्रसूतीनंतरच्या काही महिन्यांत लघवी निसटण्याचा धोका कमी होतो, असे कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात आढळले. याउलट बाळंतपणानंतर प्रत्येक स्त्रीला सरसकट व्यायाम लावल्याने त्रास टळतो, असा पुरेसा पुरावा नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या आपल्या शिफारशींत, प्रतिबंधासाठी म्हणून प्रसूतीनंतर सर्वांना नेमाने व्यायाम सुरू करून देण्याची शिफारस केलेली नाही. ज्यांची लघवी निसटते त्यांना मात्र या व्यायामाच्या फायद्याची माहिती द्यावी, असे तिने म्हटले आहे. थोडक्यात, गर्भारपणात शिकून घ्यावे आणि बाळंतपणानंतर त्रास असेल तर उपचार म्हणून करावे.

फिजिओथेरपिस्ट काय करतात

पहिल्या भेटीत बराच वेळ बोलण्यात जातो. प्रसूती कशी झाली, कळा किती वेळ दिल्या, टाके किती खोल होते, लघवी केव्हा व किती निसटते, शौचाला जोर लागतो का, असे प्रश्न विचारले जातात. दिवसभरात किती पाणी प्यायले आणि किती वेळा लघवी झाली, याची दोन-तीन दिवसांची नोंदवही ठेवण्यास सांगितले जाते. त्यानंतर उभे राहणे, वाकणे, श्वास घेणे आणि पोटाचे स्नायू तपासले जातात.

स्त्रीची संमती असेल तर योनीमार्गातून हातमोजा घातलेल्या बोटाने आतून तपासणी केली जाते. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत मोजली जाते. ते किती सेकंद आवळून धरता येतात, किती वेळा पुन्हा आवळता येतात आणि त्यानंतर पूर्ण सैल सुटतात का, हेही पाहिले जाते. ही तपासणी नाकारण्याचा आणि कोणत्याही क्षणी ती थांबविण्यास सांगण्याचा अधिकार स्त्रीला असतो. तपासणीच्या वेळी सोबतीला कोणाला बसवायचे असेल तर तसे सांगता येते. प्रसूतीनंतरची आतून तपासणी साधारणपणे जखम भरून आल्यावर, सहा आठवड्यांच्या सुमारास केली जाते.

या तपासणीचा एक फायदा असा की, स्नायू अशक्त आहेत की उलट सतत आवळलेले आहेत, हे कळते. ज्यांचे स्नायू आधीच ताठ झालेले असतात त्यांनी आवळण्याचा व्यायाम केल्यास वेदना वाढू शकतात. त्यांना आधी श्वासाबरोबर स्नायू सैल सोडण्यास शिकविले जाते, वणावर हलक्या हाताने मालिश कशी करावी हे दाखविले जाते. आकुंचन अजिबात जमत नसेल तर पडद्यावर आलेख दाखविणारे यंत्र किंवा सौम्य विद्युत् उत्तेजन यांची मदत घेतली जाते. ही साधने व्यायामाला पूरक असतात, ती व्यायामाची जागा घेत नाहीत.

व्यायाम कसा करावा

गुडघे वाकवून पाठीवर निजावे किंवा कुशीवर वळावे. सुटू पाहणारा वायू रोखल्याप्रमाणे गुदद्वार आवळावे आणि त्याच वेळी लघवी रोखल्याप्रमाणे पुढचा भाग आवळून आत व वर ओढावा. या वेळी मांड्या, कुल्ले व पोट घट्ट करू नये आणि श्वास रोखून धरू नये. काही सेकंद धरून पूर्णपणे सैल सोडावे. सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच धरता येईल. सरावाने ही वेळ हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यावी. त्याखेरीज झटपट आवळून सोडण्याची काही आवर्तने करावीत, कारण शिंकेच्या वेळी हीच चपळाई कामी येते. निजून जमले की बसून आणि नंतर उभ्याने सराव करावा.

ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनेनुसार त्रास असलेल्या स्त्रीने एका वेळी किमान आठ आकुंचने, दिवसातून तीन वेळा आणि किमान तीन महिने देखरेखीखाली करावीत. येथे बहुतेकींचा धीर सुटतो. कोणताही स्नायू दोन आठवड्यांत बळकट होत नाही, हे लक्षात ठेवावे. बाळाला पाजण्याच्या वेळेशी व्यायामाची सांगड घातली तर विसर पडत नाही.

शिंक किंवा खोकला येण्याच्या आधी, तसेच बाळाला उचलण्यापूर्वी हे स्नायू आवळून धरावेत. ही साधी युक्ती शिकलेल्या काही स्त्रियांची खोकताना निसटणारी लघवी आठवडाभरातच कमी झाल्याचे १९९८ मधील एका अभ्यासात आढळले होते. लघवी करीत असताना मध्येच धार थांबविण्याचा सराव मात्र करू नये. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात अडथळा येऊ शकतो.

पोट, पट्टा आणि परंपरा

गर्भारपणात पोटाच्या मधोमध असलेला उभा बंध ताणला जातो आणि दोन्ही बाजूंचे स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात. नॉर्वेतील ३०० स्त्रियांच्या २०१६ च्या पाहणीत प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी ६० टक्के आणि वर्षभरानंतर ३२.६ टक्के स्त्रियांत हे अंतर कायम होते. म्हणजे पुष्कळ स्त्रियांत ते आपोआप कमी होते, परंतु सगळ्यांत होत नाही. उठून बसताना पोटाच्या मध्यावर उंचवटा येत असेल तर तपासून घ्यावे.

पोट बांधण्याची प्रथा जुनी आहे. आयुर्वेदातील सूतिकापरिचर्येतही पोटाला वस्त्र गुंडाळण्यास सांगितले आहे. पट्ट्याने कंबरेला आधार मिळतो, सिझेरियननंतर चालताना बरे वाटते. परंतु पट्टा स्नायूंना बळकटी देत नाही. तो अतिशय घट्ट बांधला तर पोटातील दाब खाली, श्रोणीतळाकडे ढकलला जातो. त्यामुळे श्वास मोकळा घेता येईल इतपतच तो बांधावा आणि झोपताना काढून ठेवावा. पोट कमी करण्यासाठी घाईने पाठीवर निजून उठाबशा काढणेही याच कारणाने टाळावे.

परंपरेतील विश्रांती, गरम ताजे अन्न आणि घरकामातून मिळणारी सूट या गोष्टी आजही मोलाच्या आहेत. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, मूत्राशयाचा दाह वाढतो आणि बद्धकोष्ठता होते. शौचाला जोर लावणे हे तर ताणलेल्या स्नायूंना सर्वांत घातक. डिंकाच्या व मेथीच्या लाडवांबरोबर पालेभाज्या, फळे आणि पुरेसे पाणी असावे. खोलीत धुरी व शेगडी असेल तर हवा खेळती ठेवावी. धुराने खोकला आला तर प्रत्येक खोकल्याचा दाब खालच्या टाक्यांवर येतो, शिवाय कोंडलेला धूर तान्ह्या बाळाला अपायकारक असतो.

केव्हा काय करावे

प्रसूतीनंतर लघवीची नळी काढली असेल आणि दुखत नसेल, तर पहिल्या काही दिवसांतच स्नायू हलकेच आवळण्यास हरकत नसते. टाके गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत असतील तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पहिले सहा आठवडे घरातल्या घरात चालणे, कुशीवर वळून उठणे आणि बाळापेक्षा जड काही न उचलणे एवढे पुरे. भरलेली बादली, गॅसचे सिलिंडर आणि ओल्या कपड्यांचा पिळा हे घरातील इतरांचे काम आहे.

सहा आठवड्यांच्या तपासणीत लघवी, शौच, वेदना आणि समागम यांविषयीचे प्रश्न स्वतःहून विचारावेत. तीन महिन्यांनंतरही लघवी निसटत असेल तर ‘थांबून पाहू’ म्हणू नये, फिजिओथेरपिस्टची भेट घ्यावी. धावणे, दोरीच्या उड्या यांसाठी किमान तीन महिने थांबावे, असे ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये तयार केलेल्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. त्यानंतरही जडपणा किंवा गळती जाणवली तर व्यायामाचा वेग कमी करावा.

प्रसूतीनंतर सहा तासांत लघवी न होणे, तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, टाके उसवणे, एका पोटरीला सूज व वेदना, धाप लागणे, तीव्र डोकेदुखी, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार मनात येणे ही लक्षणे फिजिओथेरपीची वाट पाहण्यासारखी नाहीत. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे. लघवी थेंबथेंब अखंड गळत राहत असेल, तर मूत्राशय व योनीमार्ग यांत छिद्र पडलेले असू शकते. त्यावर व्यायाम हा उपाय नव्हे, शस्त्रक्रियेची गरज भासते.

व्यवस्था कोठे आहे

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर श्रोणीतळाच्या पुनर्वसनाची सत्रे सुईण किंवा फिजिओथेरपिस्ट देतात आणि त्यांचा खर्च राष्ट्रीय आरोग्य विमा उचलतो. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या महाविद्यालयाने २०१८ मध्ये सहा आठवड्यांच्या एकाच भेटीची जुनी पद्धत बदलली. पहिल्या तीन आठवड्यांत संपर्क आणि बाराव्या आठवड्यापर्यंत सर्वंकष तपासणी व्हावी, अशी शिफारस त्याने केली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२२ मध्ये रुग्णालयातून घरी गेल्यावर सहाव्या आठवड्यापर्यंत किमान तीन वेळा संपर्क व्हावा असे सुचविले.

भारताने प्रसूती सुरक्षित करण्यात मोठी मजल मारली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती आरोग्यसंस्थांत झाल्या, तर सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के होते. प्रसूतीनंतर दोन दिवसांत तपासणी झालेल्या माता ७८ टक्के होत्या. त्यानंतर आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत ठरावीक दिवशी घरी येते. या गृहभेटींची पद्धत गडचिरोलीतील बंग दाम्पत्याच्या नवजात बालकांवरील कामातून पुढे आली आणि तिचा भर स्वाभाविकच बाळाच्या जिवावर आहे. त्याच भेटीत आईला ‘खोकताना लघवी होते का?’ असा एक प्रश्न विचारला गेला, तर न बोललेल्या दुखण्याला वाट मिळू शकेल.

मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत या विषयात काम करणारे फिजिओथेरपिस्ट आहेत. फिजिओथेरपी महाविद्यालयांना जोडलेल्या मोठ्या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतही चौकशी करता येते. तज्ज्ञ निवडताना पदवी, नोंदणी आणि स्त्रियांच्या आरोग्यातील खास प्रशिक्षण यांविषयी विचारण्यात संकोच बाळगू नये. ‘आठवड्यात पोट सपाट’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातींपासून दूर राहावे.

बाळंतपणाला तीन वर्षे झाली, दहा झाली, म्हणून उशीर झाला असेही नाही. हे स्नायू मोठ्या वयातही व्यायामाला प्रतिसाद देतात. घरात बाळंतिणीला पोट बांधून देणाऱ्या आई-आजीलाही कदाचित हाच त्रास वर्षानुवर्षे असेल. मुलीने आपली तक्रार बोलून दाखविली, तर त्या दोघींनाही दवाखान्याची वाट सापडेल.